ग्रँडमा मोझेसचा बर्फ : ‘शुगरिंग ऑफ’च्या छापील प्रतीविषयी

गेल्या हिवाळ्यात अमेरिकन चित्रकार ग्रँडमा मोझेसच्या ‘शुगरिंग ऑफ’ (मेपलचा रस आटवून पाक करणे) या १९४३ सालच्या चित्राची छापील प्रत मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली. १६ बाय २० इंचांचा जाड सुती कागद, अक्रोडी रंगाची साधी लाकडी चौकट आणि पुढे काच, असे तिचे स्वरूप होते. बांधणीत नाव ठेवायला जागा नव्हती. कोपरे शाबूत होते आणि चौकटीचे सांधे घट्ट होते. तरीही ती पहिली प्रत मी परत पाठवली, कारण तिच्यातला बर्फ निळा होता.

बर्फाच्या चित्रात निळसर छटा आली तर बिघडले कुठे, असे कोणालाही वाटेल, आणि इतर अनेक चित्रकारांच्या बाबतीत ते योग्यही ठरेल. मोझेसबाईंना मात्र नेमका हाच सल्ला मिळाला होता. बर्फाच्या सावल्यांत निळा रंग अधिक हवा, असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी बर्फाकडे पुनःपुन्हा निरखून पाहिले आणि आत्मचरित्रात लिहून ठेवले की आपल्याला त्यात निळा कुठेच दिसत नाही. झाडाची सावली पडली तर ती फार तर करडी दिसते. साऱ्या आयुष्यातले हिवाळे शेतावर काढलेल्या बाईचे हे निरीक्षण आहे. छपाई करणाऱ्याने यंत्राच्या सोयीसाठी ते पुसून टाकावे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

मोझेसबाईंचा, म्हणजे माहेरच्या अ‍ॅना मेरी रॉबर्टसन यांचा, जन्म १८६० साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनिच येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या १२व्या वर्षी त्या दुसऱ्यांच्या घरी कामाला लागल्या आणि सुमारे १५ वर्षे त्यांनी तेच केले. १८८७ मध्ये थॉमस मोझेस यांच्याशी लग्न झाल्यावर दोघांनी व्हर्जिनियात शेती केली. तेथे त्यांनी लोणी आणि बटाट्याचे काप विकून संसाराला हातभार लावला. १० अपत्यांपैकी ५ जगली. १९०५ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परतून ईगल ब्रिज येथे स्थायिक झाले. पती गेल्यानंतर त्या लोकरीने भरतकामाची चित्रे करीत, पण संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा बहिणीच्या सूचनेवरून त्यांनी कुंचला हाती घेतला. १९३८ मध्ये हूसिक फॉल्सच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेली त्यांची चित्रे लुई कॅल्डोर या संग्राहकाने पाहिली आणि सगळी विकत घेतली. १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात ऑटो कॅलिर यांच्या दालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या. १९६१ मध्ये, १०१ वर्षांचे आयुष्य संपेपर्यंत, त्यांनी सुमारे १५०० चित्रे काढली.

त्यांची कामाची पद्धत माहीत असेल तर अशी प्रत पारखणे सोपे जाते. त्या आधी चौकट मिळवीत आणि मग तिच्या मापाचा फळीवजा तुकडा कापीत. डुकरापूर्वी खुराडे बांधलेले बरे, असे त्याचे समर्थनही त्यांनी केले आहे. त्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात देऊन त्या वरून खाली रंगवीत: आधी आकाश, मग डोंगर, टेकड्या, घरे, गुरे आणि शेवटी माणसे. माझ्या पहिल्या प्रतीत चौकटीच्या प्रमाणात बसवण्यासाठी आकाशाची बोटभर पट्टी छाटलेली होती. जिथून चित्र सुरू झाले तोच भाग कापला गेल्यामुळे डोंगर डोक्यावर आल्यासारखे वाटत होते. खरेदीपूर्वी ‘संपूर्ण चित्र, न छाटता’ असे लेखी विचारून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुकानाने तक्रार ऐकून घेतली आणि तीन आठवड्यांनी दुसरी प्रत पाठवली. तिच्यात आकाश पूर्ण आहे आणि पांढरा रंग उबदार, किंचित दुधाळ आहे. ती आल्यावर मी व्हरमाँटमधील बेनिंग्टन संग्रहालयात मोझेसबाईंची मूळ चित्रे मुद्दाम पुन्हा पाहून आलो. तेथे त्यांचे रंगकामाचे टेबलही आहे आणि त्याच्या अंगावरही त्यांनी निसर्गदृश्ये रंगवलेली आहेत. मूळ चित्रांत पांढऱ्या रंगाचा थर बोटाला जाणवेल इतका उंच दिसतो, आणि काहींत बर्फावर चमकी भुरभुरलेली आहे. ही उंची आणि ही चमक कोणत्याही छपाईत उतरणार नाही; तेवढी उणीव धरूनच प्रत घ्यावी. काच मात्र मी काढून टाकली, कारण तिच्यावरच्या प्रतिबिंबाने बर्फाचा मऊपणा झाकला जात होता.

चित्राचा विषय आपल्याकडच्या माणसाला परका वाटू नये. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब अशा दिवसांत मेपल वृक्षाचा रस पाझरतो. साधारण ४० लिटर रस आटवला तर लिटरभर पाक मिळतो. पानगळ झालेली झाडे, बादल्या वाहणारी माणसे, जाळावरची कढई आणि धूर, सगळे बर्फाच्या पांढऱ्या पटावर विखुरलेले आहे. कोल्हापूरकडची माझी आई इकडे आली तेव्हा तिने चित्रासमोर उभे राहून आधी कढई शोधली, मग ‘काहील एवढी लहान कशी?’ असे विचारले, आणि रस कोण ढवळतो आहे ते पाहण्यासाठी चष्मा मागितला.