कोलोची शैलचित्रं, व्हॉलंटियरची जागा आणि गेलेले १,७५,५२० रुपये

टांझानियात व्हॉलंटियरची जागा देतो म्हणून काही लोकांनी मला फसवलं. आधी आकडे. नोंदणी ४,७२० रुपये. ‘प्रोजेक्ट फी’ ८६,५००. रेसिडेन्स परमिट ४१,३००. ‘हेरिटेज साइट क्लिअरन्स’ १८,०००. परत मिळणार म्हणून घेतलेलं डिपॉझिट २५,०००. एकोणीस दिवसांत पाच हप्ते, एकूण १,७५,५२०. पाचवा हप्ता पोचला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद.

काम होतं टांझानियात, कोंडोआ भागातल्या कोलो गावाजवळ. सहा आठवडे शैलचित्रांच्या जतनाला हातभार लावायचा आणि गावच्या पर्यटन-गटाला पाट्या, माहितीपत्रकं, वाटाड्यांचं प्रशिक्षण यात मदत करायची. ठिकाण शंभर टक्के खरं आहे आणि तेच या लोकांचं भांडवल. ही चित्रं २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांनी १९५१ मध्ये तिथे राहून त्यांच्या नकला उतरवल्या होत्या. लालसर चित्रं शिकारी-संग्राहक लोकांची, पांढरी त्यानंतरच्या शेतकरी-पशुपालकांची. काही कातळांपाशी आजही पावसासाठी, आजारपणासाठी विधी होतात. हे सगळं जाहिरातीत बिनचूक होतं, म्हणून तर विश्वास बसला. ‘एवढं शिकलेली माणसं फसतात कशी’ असं म्हणणाऱ्यांनी ती जाहिरात आधी वाचावी. मी वारसा-संवर्धन शिकलेली आहे. डोळे मिटून पैसे टाकलेले नाहीत.

पण एक गोष्ट दिसली होती आणि ती मी सोडून दिली. याचाच राग जात नाही.

दुसऱ्या हप्त्यानंतर दिनक्रमाचं पत्रक आलं. तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: ‘चित्रांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसणे, पुसट रेषा खडूने ठळक करणे.’ इथेच थांबायला हवं होतं. शैलचित्राला पाणी लावायचं नसतं. पाणी दगडातले क्षार पृष्ठभागावर ओढतं आणि सुकताना चित्रावर पांढरा थर बसतो. फडक्याने घासलं की सुटत आलेल्या रंगाचे पापुद्रे फडक्याबरोबर निघतात. खडूने रेघ ओढली तर पुढे त्या रंगाची तपासणी करायची सोयच उरत नाही. आपल्या अजिंठ्यात चांगल्या हेतूने चढवलेलं वार्निश पिवळं पडलं, ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची किती वर्षं गेली ते मराठी माणसाला सांगायला नको. संरक्षित चित्राला सहा आठवड्यांच्या पाहुण्याला कोणीही हात लावू देत नाही. ते मला माहीत होतं. तरी ‘भाषांतरात चूक झाली असेल’ अशी मीच मनाची समजूत घातली आणि ४१,३०० पाठवले.

गावाचं म्हणून आलेलं निमंत्रणपत्रही आता समोर ठेवलंय. खाली सही ‘व्हिलेज चीफ’ची. टांझानियात सरकारने चीफ हे पद १९६३ मध्येच मोडीत काढलं. गावाचा कारभार ग्रामपरिषद बघते. अध्यक्षाला ‘म्वेन्येकिती’ म्हणतात, सरकारी कार्यकारी अधिकाऱ्याला ‘म्तेंदाजी’. शिक्क्यात जिल्हा लिहिलाय अरुशा. कोलो कोंडोआ जिल्ह्यात, डोडोमा प्रांतात येतं. नकाशा उघडायला दोन मिनिटं लागली असती. असं पत्र आलं की आधी शिक्का वाचा, मजकूर नंतर.

व्हिसाचंही तसंच. स्वयंसेवकांना तिथे वर्ग ‘सी’चा रेसिडेन्स परमिट लागतो आणि त्यासाठी तिथली नोंदणीकृत यजमान संस्था अर्ज करते. माझ्याकडून परमिटचे पैसे घेतले आणि वर सांगितलं, “ताई, पन्नास डॉलरचा टुरिस्ट व्हिसा काढा, एअरपोर्टवर फिरायला आलोय म्हणा.” मग परमिट कशाला? हा प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, तरी क्लिअरन्सचे अठरा हजार गेले. टुरिस्ट व्हिसावर काम करायला सांगणारा माणूस तुम्हाला परक्या देशात गुन्हेगार करतोय. तिथून उठा.

आणि यूपीआय! पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे संस्था नव्हती, एका माणसाचं नाव होतं. पावतीवर १८ टक्के जीएसटी लावलेला, पण पंधरा अंकी जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. परदेशातल्या गावासाठीची रक्कम बँकेतून, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून, संस्थेच्या परदेशी खात्यात जाते. ‘इथल्या कोऑर्डिनेटरला द्या, तो पुढे पाठवेल’ हे ऐकलं की समजायचं.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा शेवटच्या हप्त्याला चार दिवस झाले होते, त्यांच्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही पहिल्या तासात करा, रडत बसू नका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: “पैसे तुम्हीच दिलेत ना, ही दिवाणी बाब आहे.” नाही! खोटं पत्र दाखवून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. मग म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, हे मी त्यांना सांगायचं? तीन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर “साहेब नाहीत.” बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकलात, आमची जबाबदारी नाही. त्या माणसाला खातं याच बँकेने उघडून दिलंय, त्याची कागदपत्रं यांच्याच कपाटात आहेत. टांझानियातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला ईमेल केला, उत्तर आलं की व्यवहार भारतात झालाय, स्थानिक पोलिसांशी संपर्क साधा. स्थानिक पोलीस म्हणतात प्रकरण परदेशातलं. दोघांच्या मध्ये माझे पावणेदोन लाख.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी संस्थेचा टांझानियाच्या एनजीओ निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक मागावा. पैशांतला किती वाटा गावाच्या कोणत्या खात्यात जातो ते लेखी घ्यावं. तिथे आधी गेलेल्या दोघांशी व्हिडिओ कॉलवर बोलावं, ‘टेस्टिमोनियल’ वाचून नाही. सगळे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपावेत, कारण माझ्या ग्रुपवरचे अर्धे मेसेज त्यांनी डिलीट केले.

परवा त्यांची जानेवारीच्या बॅचची जाहिरात दिसली. फोटो तेच, दिनक्रम तोच, ओलं फडकंही तसंच आहे. नोंदणी फी आता ५,९०० झाली आहे.