पोर्क निखाऱ्यावर ठेवताय, पण फळ कोणतं लावाल?

मे महिन्यात गावी माणसं जमली की कुणीतरी दोन किलो पोर्क घेऊन येतो, मागीलदारी चार चिरे मांडून त्यावर जाळी बसते आणि वाद सुरू होतो: मांसाला लावायचं काय? लिंबू-व्हिनेगर आहेच, पण त्या दिवसांत आवारात फळं लोळत असताना दुकानात कशाला जायचं?

अननस सगळ्यांना सुचतो आणि तोच सगळ्यांत जास्त फसवतो. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. खांद्याचं चिवट मांस असेल तर हे वरदानच, पण अर्धा-पाऊण तासापुरतं. मी एकदा हौसेने रात्रभर मुरवत ठेवलं. सकाळी तुकडा उचलला तर बोटांत भिजलेल्या बिस्किटासारखा फुटला. जाळीवर ठेवलेल्यातला निम्मा निखाऱ्यात गेला. डब्यातला अननस तापवलेला असल्याने त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं, तो फक्त गोड-आंबट चवीचा. म्हणजे रात्रभर मुरवायचं असेल तर डब्यातला, घाई असेल तर ताजा.

रात्रभरासाठी माझं मत मात्र आगळाला. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालांना मीठ लावून सुटलेला तो रस आंबट असतो आणि चरबीचा जडपणा मारतो, पण मांस विरघळवत नाही. पोटाकडच्या चरबीच्या पट्ट्यांना याच्याइतकं काही शोभत नाही. एक किलोला चार-पाच मोठे चमचे आगळ, लसूण, मिरी, लाल मिरचीचं वाटण. मीठ वेगळं घालण्याआधी आगळ चाखा, ते मुळातच खारट असतं. आणि भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट मुरवू नका.

कैरीही आंबट, पण किसून लावली तर तिचे तंतू मांसाला चिकटून आधी करपतात. वाटून, गाळून लावा. त्यापेक्षा भाजलेल्या कैरीची चटणी करून शेजारी वाढलेली बरी.

पिकलेल्या आंब्याबद्दल ठाम सांगतो: मुरवायला नको. साखर आधी जळते, मग मांस शिजतं. बाहेर काळं, आत कच्चं. आणि पोर्क कच्चं खायची चूक परवडणारी नाही. थर्मामीटर असेल तर सगळ्यांत जाड तुकड्याच्या मध्यात ७१ अंश सेल्सिअस बघा, नसेल तर कापून आत गुलाबी राहिलं नाही ना ते पाहा. रस काढायचाच तर रायवळ म्हणजे गावठी आंब्याचा काढा, गाळा, मिरची-मीठ घालून थोडा आटवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत पिसाने वरून लावा. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या हापूसचा गर निखाऱ्यावर थापणं मला तरी पाप वाटतं.

निखारे सगळीकडे पसरू नका, एका बाजूला ठेवा. चरबी ठिबकली की भडका उडतो, मग तुकडा पलीकडे सरकवायला जागा हवी. करवंट्यांचे निखारे कडक तापतात पण लवकर विझतात, म्हणून खाली लाकडी कोळसा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की जाळ वारा जातो त्या बाजूला वळतो, तेव्हा मांस वारा येतो त्या बाजूला ठेवा.

राहिला काजूचा बोंडू. तुरटपणामुळे मुरवायला तो नाहीच. पण गोल चकत्या करून, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवल्या, निथळून जाळीच्या कडेला भाजल्या, तर चरबीच्या घासानंतर तोंड साफ होतं. झाडावरून आज पडलेलाच घ्या, उद्यापर्यंत तो टिकत नाही. आणि चिरताना पांढरा सदरा नको, बोंडवाचा डाग जात नाही.