हटवर पहिली रात्र: राइनटाल की होलेनटाल?

म्युनिकमध्ये जून उजाडला की आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघतोच, एक रात्र डोंगरातल्या हटवर, म्हणजे ट्रेकर्सना जेवण आणि झोपायला जागा देणाऱ्या घरात, काढायचीय, पहिल्यांदाच जातोय, तर आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिश गावाहून राइनटालच्या दरीत जावं की होलेनटालच्या. मी दोन्ही केलेत, राइनटाल तर दोनदा, त्यामुळे आधीच सांगून टाकते, पहिली वेळ असेल तर राइनटाल. का ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

नुसते आकडे बघितले तर होलेनटाल सोपं वाटतं. राइनटालांगर हट १३७० मीटरवर, होलेनटालांगर हट १३८७ वर, म्हणजे दोन्ही आपल्या तोरण्याच्या उंचीच्या आसपास, हवा विरळ वगैरे काही प्रश्नच नाही. पण हामर्सबाख स्टेशनवरून होलेनटालची हट अडीच-तीन तासांत येते, आणि राइनटालला गार्मिशच्या स्की स्टेडियमपासून पाच तास तरी धरा, मुलं किंवा फोटोवाले सोबत असतील तर सहा. त्यामुळे लोक तास बघतात आणि होलेनटाल बुक करून मोकळे होतात. माझं म्हणणं, तास नंतर बघा, आधी हे बघा की पाऊस लागला तर परत कसे येणार.

राइनटालची वाट लांबलचक आहे पण भांडखोर नाही. सुरुवातीला पार्टनाखची घळ, सातशे मीटर, तिकीट काढून आत जायचं, बोगद्यात डोक्यावर पाणी ठिबकत असतं आणि खाली नदी इतकी ओरडत असते की शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही. ती संपली की पुढे जंगलातला रुंद रस्ता, नदी कायम सोबत. वाटेत १०५२ मीटरवर बॉक हट लागते, तिथे बसून खाता येतं, आणि एखाद्याचे गुडघे बोलायला लागले तर तिथूनच मागे फिरता येतं, त्यात कोणाचं काही जात नाही. पावसामुळे घळ बंद झाली तरी तिला टाळून वरून जायच्या वाटा आहेत. म्हणजे इथेही पाणी गरीब आहे असं समजू नका, २००५ च्या पुरात याच दरीतलं ब्लाउअ गुम्पे नावाचं निळंशार तळं गाळाने भरून गेलं, आता तिथे नुसता दगडगोट्यांचा पट्टा दिसतो.

होलेनटालचं सगळं उलट. तिथली घळ जास्त भारी दिसते, खरंच, खडकात खोदलेले बोगदे, लाकडी पूल, खालून पांढरं पाणी, मला तर पार्टनाखपेक्षा हीच आवडली. पण ती अरुंद आहे आणि वरच्या दरीत ढगफुटी झाली की सगळं पाणी त्याच फटीतून येतं. १६ ऑगस्ट २०२१ ला अशीच पाण्याची लाट आली, पूल गेला, माणसं वाहून गेली, एका बाईचा जीव गेला. घळीला वळसा घालणारी श्टांगनश्टाइग नावाची वाट आहे, पण ती उंच कड्याला धरून जाते, ज्याला खाली बघून गरगरतं त्याच्यासाठी नाही, आणि ओल्यात तर नाहीच. म्हणजे वादळाचा अंदाज असेल तर होलेनटाल त्या दिवसापुरतं रद्द, इतकं सरळ आहे.

पण होलेनटालचा खरा धोका घळीत नाही, तो दुसऱ्या दिवशी पहाटे हटवरच असतो. मी गेले तेव्हा साडेचारला जाग आली ती खणखणाटाने, हार्नेसच्या कड्या, हेल्मेटं, बुटांना लावायचे बर्फाचे काटे, अर्धी हट त्सुगश्पिट्झेला, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात उंच शिखराला, निघालेली, आणि आमच्यातला एकजण चहाचा कप हातात धरून म्हणतो, अगं आपण पण थोडं वर जाऊन बघू ना, कळसूबाईच्या शिड्या चढलोय की. नको. कळसूबाईच्या शिड्यांना कठडा आहे. इथे आधी शिडी, मग ‘ब्रेट’ म्हणजे सरळ भिंतीत ठोकलेल्या सळयांवरून आडवं जायचं, मग हिमनदी, आणि वर शिखरापर्यंत तारेला धरून शेकडो मीटर चढाई. सह्याद्रीत दहा वर्षं फिरलेल्या माणसाचा पाय कातळावर पक्का असतो हे मान्य, पण बर्फावर घसरल्यावर थांबायचं कसं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. आम्ही नाही गेलो, दुसरा चहा घेतला आणि उतरलो, तो अजून टोमणे मारतो.

राइनटालला असा मोह झालाच तर पुढची पायरी क्नॉर हट आहे, २०५२ मीटर, अजून दोनेक तास आणि सातशे मीटर खडा चढ. दमवते पण तार-हार्नेस लागत नाही. फक्त जूनच्या सुरुवातीला वर जुना बर्फ असू शकतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी हटला फोन करून विचाराच, ते स्पष्ट सांगतात.

राहण्याच्या बाबतीत फार फरक नाही. दोन्हीकडे लागर म्हणजे ओळीने गाद्या, घोरणारा एक तरी असतोच, इयरप्लग न्या. झोपायचं पातळ लायनर (चादरीची पिशवी) सक्तीचं, बूट खाली ठेवायचे, रात्री दहाला चिडीचूप, कॅश जवळ ठेवा. व्हेज लोकांचं कैझरश्मार्न (तुकडे केलेलं गोड पॅनकेक) आणि चीजच्या श्पेट्झलेवर (पिठाचे छोटे नूडल्स) छान भागतं. होलेनटालची इमारत २०१५ ची, नवी कोरी वाटते, राइनटालची जुनी, बाहेर तिबेटी पताका, आणि मला झोप तिथे जास्त छान लागली, पण तो पाच तास चालण्याचा परिणाम असेल.

निघायची वेळ मात्र दोन्हीकडे पाळा. उन्हाळ्यात गडगडाट बहुतेक दुपारनंतर होतो, आणि बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं रेल्वे तिकीट, सोम ते शुक्र सकाळी नऊनंतरच चालतं, म्हणून लोक नऊनंतरची गाडी पकडतात आणि राइनटालला बरोबर वादळाच्या वेळी उघड्यावर सापडतात. शनिवार-रविवारी जा, नाहीतर डॉइचलांड तिकीट, म्हणजे महिन्याचा पास, वापरा, त्याला वेळेची अट नाही. नेटवर्क दरीत जातं, तेव्हा ११२ हा आणीबाणीचा नंबर लागलाच नाही तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

आई-बाबा भारतातून येणार असतील तर राइनटालच, आणि तेही बॉक हटपर्यंत जाऊन संध्याकाळी घरी. आणि हटचं बुकिंग करून बेत बदलला तर फोन करून रद्द करा, रात्री कोणी पोचलं नाही की ते लोक काळजीत पडतात आणि विनाकारण शोध सुरू होऊ शकतो.