पिकअपमधला स्वस्त कॉम्प्रेसर: किट ठीक, वायर बदलाच
टायरात हवा भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि ६ लिटरची टाकी पुरते. पण किटमधली वायर फारच बारीक आहे. मोटर ३० अँपिअरपर्यंत ओढते. म्हणून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका, ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत बसवा आणि प्रेशर स्विचवर (टाकीतल्या दाबानुसार चालू-बंद होणारा स्विच) फक्त रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवा, मोटरचा करंट रिलेतून जाऊ द्या. बॉनेटखाली कॉम्प्रेसर नकोच, नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो तापून बंद पडतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नसेल तर टाकीतली हवा उलटी कॉम्प्रेसरकडे येते अन् मोटर सुरू न होता नुसती घुमते. जोडांवर टेफ्लॉन टेप, मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला की जोड पुन्हा उघडा. ड्रेन कॉक, म्हणजे टाकीत साचलेलं पाणी काढायची तोटी, टाकीच्या तळाशीच असावा. पावसाळ्यात तो रोज उघडा, तांबूस पाणी फुस्सकन बाहेर येतं.