सारंगखेडा की माळेगाव? घोडेबाजार एकच बघायचा असेल तर

मार्गशीर्ष लागला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "घोडेबाजार बघायचाय, पण रजा दोनच दिवसांची आहे. सारंगखेड्याला जाऊ की माळेगावला?" मी सारंगखेड्याला दोनदा गेलोय आणि माळेगावला तीनदा. आकड्यांवरून काय ते समजून घ्या. पण माझं गणित तुम्हाला लागू पडेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सारंगखेडा आहे नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी. माळेगावबाबत मात्र आधी एक गोंधळ निस्तरू. हे माळेगाव नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव नव्हे आणि बारामतीजवळचं साखर कारखान्याचंही नव्हे. हे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं, खंडोबाचं माळेगाव. माझे एक साडू पुण्याहून मोबाइलच्या भरवशावर निघाले आणि मनमाडला पोचल्यावर मला फोन करून विचारते झाले, "अजून किती लांब आहे?"

तारखा तिथीवर असतात. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला. माळेगावची त्यानंतर पंधरवड्यानं, अमावास्येच्या आदल्या दिवशी खंडोबाची देवस्वारी, म्हणजे पालखी, निघते तेव्हापासून. 2025 मध्ये दत्तजयंती 4 डिसेंबरला होती आणि माळेगावची देवस्वारी 18 ला. 2023 मध्ये दत्तजयंतीच 26 डिसेंबरला आली, त्यामुळे माळेगाव थेट जानेवारीत गेलं. नाताळची सुट्टी धरून बेत आखणाऱ्यांनी कॅलेंडर दोनदा बघावं. सारंगखेड्याला घोडे पौर्णिमेच्या आधीच येऊ लागतात आणि बाजार बरेच दिवस चालतो, त्यामुळे तारीख थोडी हुकली तरी चालतं. माळेगावचा जोर पाच दिवसांचा. तिथं उशीर केलात तर उखडलेल्या पालांच्या खुणा तेवढ्या दिसतील.

आता घोडे. इथं वाद नाही, सारंगखेडा. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, सगळं एका ठिकाणी. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातले व्यापारी तापीकाठी महिनाभराचा संसार मांडल्यासारखे उतरतात. कानांची टोकं एकमेकांना टेकलेला मारवाडी घोडा फोटोत बघणं वेगळं आणि पहाटेच्या थंडीत नाकपुड्यांतून वाफ सोडत तो आपल्याकडे मान वळवतो ते वेगळं. खाटेवर चारी पाय जुळवून नाचणारा घोडा, रेवाल चालीवर सोडलेली घोडी आणि तिच्या पाठीवर पेल्यातलं पाणी हलू न देणारा स्वार, हे मी तिथंच पाहिलं. गेल्या दहाएक वर्षांत चेतक फेस्टिव्हलमुळे तंबूंची सोय, स्पर्धा, दिव्यांचा झगमगाट हेही वाढलंय. बायकामुलांना घेऊन जाणाऱ्याला ते सोयीचं आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

रस्ताही छान. आम्ही संभाजीनगरहून चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा असे गेलो. जेवणाचं तर विचारूच नका. कळण्याची भाकरी, हिवाळ्यातल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, वर तेल सुटलेली शेवभाजी. नंदुरबारवरून परतलात तर लाल मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लागतात. आम्ही गाडीच्या काचा वर करूनही शिंकत होतो.

मग अडलं कुठं? दोरीपाशी.

माझ्याबरोबर मामा होते. वैजापूरकडचे, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणापासून वरातीची घोडी सांभाळली, बारा वर्षांपूर्वी शेवटची विकली. त्यांना सारंगखेडा दाखवायचं हे माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं. गेलो, आणि पहिल्याच नावाजलेल्या घोड्यापुढे बांबू रोवून बांधलेली दोरी. आत मांडव, घोड्याच्या नावाचा फलक, त्याच्या आईबापाची कीर्ती सांगणारा भोंगा. बाहेर तीनेकशे माणसं, सगळ्यांचे हात मोबाइल धरून वर. मामा दोरीला छाती लावून उभे. राखणदार पोरगा म्हणाला, "बाबा, मागं सरका." मामा सरकले. थोड्या वेळानं म्हणाले, "अरे, ह्याचा दात नाही बघायचा, पायावर हात नाही फिरवायचा, मग आलो कशाला? चित्र तर घरीही बघता येतं."

पुढच्या मांडवातही तेच. त्यात मामांचे गुडघे. दोन तास उभं राहिल्यावर टेकायला जागा शोधली तर ती चहाच्या गाड्यामागं, उपड्या क्रेटवर. किंमत विचारावी तर उत्तर येतं ते आपल्याला नसतं, शेजारच्या कॅमेऱ्याला असतं. हे मला फारसं टोचलंही नसतं, कारण लाखमोलाचं जनावर शंभर अनोळखी हातांत कोण देईल? मालकांची बाजू खरीच आहे. शिवाय आम्ही गेलो होतो पौर्णिमेच्या दिवशी, ऐन गर्दीत. दुसऱ्या खेपेला चार दिवस आधी गेलो तेव्हा परिस्थिती बरीच बरी होती. कडेच्या दावणींवर साध्या घोड्यांपाशी जाता आलं, एकानं लगाम हातातही दिला. तरी ती दोरी मनातून गेली नाही.

माळेगावला पहिल्यांदा गेलो ते खरं तर मामांची समजूत काढायला. तपोवन एक्स्प्रेसनं संध्याकाळी नांदेड, तिथं मुक्काम, आणि सकाळी एसटी. यात्रेला जादा गाड्या असतात, उभं राहावं लागतं, पण पोचवतात. उतरल्या उतरल्या "येळकोट येळकोट जय मल्हार" आणि अंगावर भंडारा. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. किंवा जा, तो परत पांढरा होणार नाही एवढं मनात धरून.

इथले घोडे सारंगखेड्याच्या तोडीचे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. चांगले असतात, पण नजर खिळवून ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याबदली इथं सगळंच असतं. घोडे, गाढवं, उंट, बैल, शेळ्या. आणि त्यांच्याबरोबर त्यांचा संसार. पालं पडलेली, पालाच्या दाराशी चूल, चुलीमागं दावण. कितीतरी भटक्या जमातींची माणसं वर्षातून एकदा इथं भेटतात. सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मिटतात, नवी होतात. एकेकाळी जातपंचायती इथंच भरायच्या. गाढवांचा बाजार तर मी आयुष्यात दुसरीकडे कुठं पाहिला नाही. गाढवाच्या दातांवर दोन माणसं अर्धा तास हुज्जत घालताना ऐकायची असतील तर इथंच या.

एका पालापुढे कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी बांधलेली होती. पुढचे दोन पाय पांढरे, मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा. मामा थबकले. आतून एक म्हातारं माणूस आलं, त्यानं आमच्याकडे बघितलं, मग मामांच्या गुडघ्यांकडे, आणि गोधडी झटकून म्हणालं, "बसा की. उभ्यानं सौदा होत नसतोय."

मामा बसले. चहा आला. घोडी किती वर्षांची? "चार." मामांनी चहा संपवला, उठले, घोडीच्या गळ्याखाली खाजवलं, डावा अंगठा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात सरकवला आणि खालचा ओठ उलटा केला. मला म्हणाले, "इकडं ये, बघ. मधले दोन दुधाचे अडीच वर्षांला पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. हिचे सगळे पडून पक्के आलेत, आणि मधल्यांचे खळगेसुद्धा झिजलेत." म्हाताऱ्याकडे न बघताच त्यांनी घोडीची मान थोपटली, "चार म्हणजे, सातापुढं चार?" म्हातारा इतका हसला की त्याच्या सुनेनं पालातून डोकं बाहेर काढलं. मग दीड तास गप्पा. घोडी आम्ही घेतली नाही, घ्यायचीही नव्हती, हे त्यांनाही कळलं होतं. तरी निघताना मामांच्या हातावर रेवड्यांचा पुडा.

बैलांच्या बाजूला दुसरी मजा. लाल कंधारी हे या मातीतलंच जनावर, कंधार शेजारचाच तालुका. लालभडक, आटोपशीर, डोळ्यांभोवती काळी झाक. देवणीही येते. तिच्यात वानेरा, बाळंक्या, शेवरा असे प्रकार आहेत. वानेरा अंगानं पांढरा आणि तोंडावर काळा, शेवरा म्हणजे अंगभर काळेपांढरे ठिगळ. मी तिसऱ्या खेपेपर्यंत चुकत होतो. जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शन असतं तिथं ओळीनं बघायला मिळतात, त्यामुळे आधी प्रदर्शन आणि मग बाजार असं केलेलं बरं. सौदा अजून उपरण्याखाली होतो. दोघं समोरासमोर, हातावर कापड, चेहरे कोरे. आत बोटं दाबली जातात. कोण किती म्हणालं ते भोवतीच्या वीसजणांना कळत नाही. मग एकजण हात झटकतो, हेडी, म्हणजे मधला दलाल, तो पुन्हा धरून कापडाखाली घालतो. तिसऱ्यांदा झटकला नाही तर समजायचं, बैल गेला. तमाशा, लावणी, कुस्त्यांचा आखाडा हे आहेच. त्यात मी फार रमत नाही, तुम्ही रमत असाल तर माळेगावच्या पारड्यात आणखी एक वजन टाका.

आणि अमावास्या म्हणजे येळवस. या भागात त्या दिवशी माणसं शेतात जेवायला जातात. ज्वारीत कडब्याची खोप, भज्जी, उंडे, गाडग्यात आंबील. आम्ही परतताना रस्त्याकडेला पाणी मागितलं तर जेवायलाच बसवलं. दरवेळी घडेलच असं सांगत नाही, पण तारीख जुळत असेल तर तो दिवस गाडीत बसून घालवू नका.

त्रास? धूळ. साधी नव्हे, फुफाटा. दुपारी चारनंतर पाच फुटांवरचा माणूस पिवळा दिसतो. मला आठवडाभर खोकला होता. मुक्कामाची सोय नांदेडला किंवा लोह्याला बघावी लागते. बायकांसाठी स्वच्छतागृहं यात्रेत असतात तशीच. लहान मूल किंवा दमा असलेलं माणूस बरोबर असेल तर मी आग्रह करणार नाही, सरळ सारंगखेड्याला जा. तिथून प्रकाशा जवळ आहे, केदारेश्वराचं दर्शनही होईल.

फोटो काढायचे असतील, जातिवंत घोडा बघायचा असेल, किंवा खरंच घोडा विकत घ्यायचा असेल आणि खिशात तेवढा दम असेल, तर सारंगखेडा. फक्त पौर्णिमेच्या आधीचे दिवस धरा आणि सकाळी आठच्या आत पोचा. घोड्याचं सामानही तिथलंच. लगाम, गोंडे, खोगीर, चांदीच्या मुलाम्याचे दागिने यांची इतकी दुकानं माळेगावला नसतात. मामांनी तिथून घुंगरमाळ घेतली. घोडी नाही, पण माळ हवी. आता ती त्यांच्या दाराला आहे, कुणी आलं की वाजते.

परवा त्यांचाच फोन होता. तब्येतीचं, पावसाचं बोलून झालं आणि मग म्हणाले, "मार्गशीर्षातली अमावास्या कधीची आहे रे अवंदा?" पौर्णिमेचं काही विचारलं नाही.