हिमांगी काकडीचं बियाणं: गच्चीवर लावायला कसं आहे?

मोकळी गच्ची किंवा घरामागे थोडं अंगण असेल आणि काकडी मुख्यतः कोशिंबिरीसाठी हवी असेल, तर हिमांगी बिनधास्त घ्या. चारही बाजूंनी जाळी मारलेल्या बाल्कनीसाठी मात्र हे बियाणं घेऊ नका. तिथे मधमाशी येत नाही आणि मधमाशीवाचून हिमांगीला आपोआप फळ धरत नाही.

हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण. पूना खिरा आणि कल्याणपूर अगेती यांच्या संकरातून निवडून स्थिर केलेला सरळ वाण असल्यामुळे घरचं बी धरता येतं. पूना खिऱ्याची फळं वेलावर दोन दिवस जास्त राहिली की तांबूस पडतात, हिमांगी पांढरीच राहते. पण याच गुणामुळे घरी एक चूक होते. रंग बदलत नाही म्हणून काकडी कोवळीच आहे असं वाटतं आणि आत बिया टणक होऊन बसतात. रंगाकडे न बघता लांबी बघा. १२ ते १५ सेंटिमीटर झाली की तोडायची. बोट फिरवल्यावर बारीक काटेरी लव हाताला लागते, तोवर ती कोवळी असते. या वयाची काकडी चोचवली की बिया जाणवतही नाहीत, सालही काढावी लागत नाही. खमंग काकडीला ही फार छान लागते.

पाकीट घेताना नावाआधी तारीख वाचा. चाचणीची तारीख आणि वैधता दोन्ही छापलेली असतात आणि चाचणीपासून ९ महिन्यांच्या पुढचं बी घेऊ नये. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं, सत्यप्रत बियाण्याचं, म्हणजे उत्पादकानं स्वतःच्या हमीवर विकलेल्या बियाण्याचं, फिकट हिरवं. दोन्ही चालतात. काकडीसाठी किमान उगवण ६० टक्के धरलेली आहे, म्हणजे दहातली चार बियं उगवली नाहीत तरी पाकिटात खोट आहे असं म्हणता येत नाही. म्हणून एका जागी दोन-तीन बियं टाकावीत आणि दोन पानांवर आल्यावर सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीनं कापावीत. उपटू नयेत, ठेवलेल्या रोपाची मुळं दुखावतात. ‘देशी पांढरी काकडी’ एवढंच लिहिलेलं पाकीट हिमांगी समजून घेऊ नका. वाणाचं नाव छापलेलंच हवं.

बी थेट मोठ्या पिशवीत लावा. काकडीचं रोप एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवलं की आठवडाभर रुसून बसतं. १५ इंच रुंद आणि तेवढ्याच उंच ग्रो बॅगमध्ये साधारण ४० लिटर मिश्रण बसतं. तेवढ्यात दोन वेल पुरेत, तिसरा लावू नये. १२ इंची पिशवीत एकच. मिश्रणात चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि मोठ्या पिशवीला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा जळतात आणि दोष बियाण्यावर जातो. बी २ सेंटिमीटर खोल टोचावं. गुलाबी औषध चोळलेलं असेल तर भिजवू नये, औषध धुऊन जातं. उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत, पावसाळी जून-जुलैमध्ये. उबेत पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब दिसतो आणि पहिली तोडणी ४० ते ४५ दिवसांनी येते.

‘फुलं नुसती गळतात, बी खराब निघालं’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती बियाण्यावर अन्याय करणारी असते. पहिले आठ-दहा दिवस वेलावर नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी असते, नर फुलाचा देठ सरळ आणि बारीक. ती इवली काकडी पिवळी पडून सुकली, तर परागीभवन झालेलं नाही. सकाळी ६ ते ९ च्या दरम्यान ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. दुपारी करून उपयोग नाही. फळ एका टोकाला फुगीर आणि दुसरीकडे बारीक झालं, तर बहुधा परागकण अपुरे पडलेले असतात.

कडवटपणा याही वाणात येतो. पाण्याचा ताण आणि कडक ऊन एकत्र आलं की कडू द्रव्य देठाकडे साठतं. टोक कापून घासून फेस काढला तरी सगळा कडूपणा जात नाही. देठाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग टाकून द्यावा हेच खरं. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन एवढं केलं तर कडू फळं क्वचितच निघतात.

फळमाशीसाठी सापळा घेताना क्यू ल्यूरची, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाची, गोळी मागा. दुकानात पुष्कळदा मिथाईल युजेनॉलचा सापळा हातात ठेवतात. तो आंब्या-पेरूवरच्या माशीसाठी असतो, काकडीवरची माशी त्यात येत नाही. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे पानं कुरतडतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचावेत. पावसाळ्यात केवडा येतो: पानावर शिरांमध्ये अडकलेले कोनदार पिवळे डाग, आणि खाली जांभळट करडी बुरशी. या बाबतीत हिमांगीवर भरवसा ठेवू नये. वेल जाळीवर पाच-सहा फूट चढवा, खालची जुनी पानं काढत राहा आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी द्या.

कोकणातल्या मुसळधार पावसात, हलक्या उताराच्या जमिनीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा शीतल हा वाण जास्त शोभतो. धोंडसासाठी, म्हणजे काकडीच्या कोकणी गोड केकसाठी, तवसं ही मोठी काकडीच लावा, हिमांगीला तो गर नाही. बंद बाल्कनीत परागीभवनाशिवाय धरणारी बिनबियांची संकरित काकडी घ्यावी. तिचं बी महाग असतं, एकेक मोजून विकतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावं लागतं.

हिमांगीचं तसं नाही. एक निरोगी फळ वेलावरच पूर्ण पिकेपर्यंत ठेवायचं, गर भांड्यात काढून एक-दोन दिवस आंबवायचा, तळाशी बसलेल्या बिया धुऊन सावलीत वाळवायच्या. मात्र शेजारच्या गच्चीवर दुसरी काकडी असेल तर मधमाशी दोन्हींचे पराग एक करते. अशा वेळी एक मादी आणि एक नर फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा, सकाळी हातानं पराग द्या, मादी फूल पुन्हा बांधा आणि त्या फळाच्या देठाला खुणेचा लाल दोरा गुंडाळा, म्हणजे कोणी चुकून तोडणार नाही. दुधी आणि दोडका शेजारी असले तरी हरकत नाही, त्यांचा काकडीशी संकर होत नाही.