प्रकल्पाला वायू घ्यावा की धूळ?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आंतरतारकीय रसायनात, म्हणजे ताऱ्यांमधल्या थंड वायू-धुळीच्या ढगांतल्या रसायनात, प्रकल्प करायचा म्हटलं की आमच्या सांगलीतली पोरं इथंच अडतात: वायूतल्या आयन-रेणू अभिक्रिया घ्यायच्या, की धूलिकणांवरचं रसायन? विश्रामबागच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर मी दोन्हीचे प्रोग्रॅम चालवून पाहिले आणि वायूवर थांबलो.

धुळीची बाजू हलकी नाही. मिथेनॉल वायूत जमतच नाही म्हणा ना. प्रोटॉन घेतलेल्या मिथेनॉलला इलेक्ट्रॉन भेटला की बहुतेकदा सगळा रेणूच फुटतो. २००६ च्या प्रयोगात मिथेनॉल हाती लागलं ते जेमतेम ३ टक्के. बर्फाळ कणावर मात्र कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन चिकटत जातो आणि काम होतं. वाचायलाही हाच विषय देखणा.

माझं घोडं अडलं एका आकड्यावर. कणावरच्या अणूला सरकायला लागणारी ऊर्जा ही सुटून जायच्या ऊर्जेचा कितवा हिस्सा? कुणी ०.३ धरतं, कुणी ०.५, कुणी त्याहून जास्त. हायड्रोजनची बंधऊर्जा (हीच ती सुटून जायची ऊर्जा, इथं तापमानाच्या एककात मोजतात) ४५० केल्विन घेतली, तर १० केल्विनला ०.३ च्या जागी ०.५ टाकताच त्याच्या उड्यांचा वेग आठ हजार पटींनी घसरतो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी "हाच आकडा का?" विचारलं, तर "पेपरात होता" यापलीकडे काय सांगणार? मला तरी ते फार खुपलं.

वायूत हिशेब वहीवर होतो. हायड्रोजन रेणूचा आयन (एच टू प्लस) हायड्रोजनच्याच रेणूला भिडतो: पोलरायझेबिलिटी (रेणूतला विद्युतभार किती सहज सरकतो ते) ०.८ घन अँगस्ट्रॉम, रिड्यूस्ड मास (दोघांचं मिळून धरायचं वस्तुमान) १ अणुभार एकक. आयन-रेणू टकरीचा वेग देणाऱ्या लँजेव्हिनच्या सूत्रात २.३४ ला ०.८ च्या वर्गमुळाने गुणा, २.०९ येतात, गुणिले दहाचा उणे नववा घात, घन सेंटिमीटर दर सेकंदाला. मोजलेला आकडाही तिथंच. तापमान सूत्रात नाहीच, त्यामुळे १० केल्विनलाही तोच वेग. यातून बनलेला एच थ्री प्लस कार्बन मोनॉक्साइडला प्रोटॉन देतो आणि एचसीओ प्लस तयार होतो. १९७० मध्ये ८९ गिगाहर्ट्झजवळ दिसलेली ती अनोळखी 'एक्सोजेन' नावाची रेडिओ वर्णरेषा त्याचीच. समोर पाण्यासारखा ध्रुवीय रेणू असला की थंडीत वेग वाढतो, पण ती दुरुस्तीही सूत्रात बसते.

हायड्रोजनचा रेणू मुळात कणांवरच जुळतो, हे खरं. त्यासाठी वेगाची ३ गुणिले दहाचा उणे सतरावा घात (त्याच एककात) ही नेहमीची किंमत धरून प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की भागतं. मार्गदर्शकांना मिथेनॉलच हवं असेल तर धूळ घ्या, फक्त ०.३ आणि ०.५ दोन्हीचे आलेख प्रबंधात लावा.